नावापुढचा पत्ता : रसायनशास्त्राचे नोबेल नेमके कोणत्या प्रयोगशाळेचे?

काचनळी (धागाकर्ती)

दर वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमहून रसायनशास्त्राच्या नोबेलची घोषणा होते आणि विजेत्याच्या नावाखाली एका संस्थेचे नाव छापून येते. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या भिंतीसाठी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक तक्ता करायला घेतला होता. एका रकान्यात शास्त्रज्ञाचे नाव आणि शेजारच्या रकान्यात संस्था, इतका साधा बेत होता. पंधरा-वीस नावे लिहून झाल्यावर लक्षात आले की दुसरा रकाना खोटा नसला तरी फसवा आहे. नोबेल प्रतिष्ठानाच्या नोंदीत जी संस्था असते ती पुरस्कार जाहीर झाला त्या वेळी विजेता जिथे नोकरीला असतो ती. तो रसायनशास्त्र कुठे शिकला आणि ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला ते काम त्याने कुठे केले, हे त्या एका ओळीतून कळत नाही. बहुतेक विजेत्यांचे मला तीन वेगवेगळे पत्ते सापडू लागले : घडण झाली तो, काम झाले तो आणि फोन आला तो.

व्यंकटरामन रामकृष्णन यांचेच उदाहरण घ्या. २००९ साली त्यांना रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेसाठी टॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासह नोबेल मिळाले आणि नावापुढे केंब्रिजची एमआरसी लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी, म्हणजे ‘एलएमबी’, आली. त्यांचा जन्म चिदंबरमचा, पण तीन वर्षांचे असतानाच ते बडोद्याला आले. १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून त्यांनी बी.एस्सी. केले ते भौतिकशास्त्रात. १९७६ मध्ये ओहायो विद्यापीठातून मिळवलेली पीएच.डी.सुद्धा भौतिकशास्त्राचीच. त्यानंतर आपल्याला या विषयात पुढे काही करता येणार नाही असे वाटून हा डॉक्टरेट झालेला माणूस सॅन दिएगोला पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात बसला. रायबोसोमशी त्यांची गाठ पडली ती येल विद्यापीठात, पीटर मूर यांच्याकडे. पुढे प्राध्यापकपदासाठी त्यांनी सुमारे पन्नास ठिकाणी अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला. मग ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत बारा वर्षे, १९९५ पासून यूटा विद्यापीठात चार वर्षे आणि १९९९ मध्ये केंब्रिज असा त्यांचा प्रवास झाला. स्फटिकशास्त्र ते शिकले ते ब्रुकहेवनमधून घेतलेल्या एका वर्षाच्या रजेत, याच एलएमबीमध्ये. रायबोसोमच्या लहान भागाचे, म्हणजे ३०एसचे, काम त्यांनी यूटात सुरू केले आणि त्याची संपूर्ण रचना २००० साली प्रसिद्ध झाली ती केंब्रिजमधून. आता हे नोबेल कोणाचे? केंब्रिजचे म्हणावे तर यूटा आणि ब्रुकहेवन कुठे गेले? आणि बडोद्याला काहीच श्रेय नाही का? ते तिथे शिकत होते त्या सुमारास भौतिकशास्त्र विभागाने नुकताच अभ्यासक्रम नवा केला होता आणि आपला पाया तिथे पक्का झाला असे ते स्वतः सांगतात.

दुसरे उदाहरण अर्नेस्ट रदरफर्ड यांचे. १९०८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले तेव्हा ते मँचेस्टरला होते. पण तिथे येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. मूलद्रव्यांच्या विघटनाचे आणि किरणोत्सारी पदार्थांच्या रसायनाचे ते काम त्यांनी १८९८ ते १९०७ या काळात माँट्रियालच्या मॅकगिल विद्यापीठात केले होते आणि त्यातल्या कळीच्या दोन वर्षांत फ्रेडरिक सॉडी त्यांच्याबरोबर होते. मँचेस्टरला त्यांनी अणुकेंद्रक शोधले ते नोबेलनंतर, १९११ मध्ये, आणि त्यासाठी त्यांना वेगळे नोबेल मिळाले नाही. म्हणजे मँचेस्टरच्या खात्यावर जे नोबेल आहे त्याचे काम माँट्रियालचे, आणि मँचेस्टरमध्ये झालेल्या सर्वांत मोठ्या कामाची नोबेलच्या यादीत नोंदच नाही.

फ्रिट्झ हाबर यांच्या बाबतीतही तोच घोळ आहे. १९१८ च्या पुरस्कारापुढे बर्लिन-डालेम येथील कैसर विल्हेल्म संस्था लिहिलेली असते. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचे प्रात्यक्षिक मात्र त्यांनी १९०९ च्या जुलैत बीएएसएफ कंपनीच्या माणसांना दाखवले ते कार्ल्सरूहमध्ये. बर्लिनची ती संस्था तोपर्यंत अस्तित्वातही आलेली नव्हती.

माझा प्रश्न असा की विद्यार्थ्यांसमोर कोणता पत्ता ठेवावा? त्यांना ‘इथे जा, इथे मोठे शास्त्रज्ञ घडतात’ असे सांगायचे असेल तर फोन आला तो पत्ता सर्वांत निरुपयोगी आहे, असे माझे मत होत चालले आहे.


प्रतिसाद : दूरस्थ

धागा आवडला. यात एक व्यवहाराची बाजू आहे ती मांडतो, कारण ज्याला आपण निरुपयोगी पत्ता म्हणत आहात त्यावरच जगातल्या विद्यापीठांची मोठी उठाठेव चालते. २००३ पासून निघणाऱ्या शांघाय क्रमवारीत एकूण गुणांपैकी १० टक्के गुण माजी विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या नोबेल व (गणिताच्या) फील्ड्स पदकांना असतात आणि २० टक्के गुण संस्थेतल्या अध्यापकांनी मिळवलेल्या पुरस्कारांना. या दुसऱ्या निकषात अध्यापक कोण, तर पुरस्कार मिळाला त्या वेळी जो त्या संस्थेत काम करत होता तो. आपल्या भाषेत सांगायचे तर घडण झाली त्या पत्त्याला १० टक्के, फोन आला त्या पत्त्याला २० टक्के आणि जिथे काम झाले त्या पत्त्याला शून्य. मॅकगिलने रदरफर्ड यांना नऊ वर्षे प्रयोगशाळा दिली, पण या हिशेबात ते नोबेल मँचेस्टरच्या खात्यावर जाते. (जुन्या दशकांतल्या पुरस्कारांचे वजन कमी कमी होत जाते, हे खरे.)

या निकषावरून बर्लिनमध्ये खराखुरा वाद झाला. महायुद्धानंतर शहराची फाळणी झाली आणि जुन्या बर्लिन विद्यापीठाच्या वारशावर पूर्वेकडचे हुम्बोल्ट विद्यापीठ आणि पश्चिमेकडचे मुक्त विद्यापीठ अशा दोघांनी हक्क सांगितला. जुनी नोबेल ज्याच्या पारड्यात पडतील त्याचा क्रमांक वर जाणार, असा तो मामला होता. वडिलोपार्जित वाड्याच्या वाटणीतही याहून कमी कज्जे होत असतील.

विद्यापीठे स्वतः ज्या याद्या प्रसिद्ध करतात त्या तर आणखी सैल असतात. कोणी तिथला विद्यार्थी, कोणी अध्यापक, कोणी एका वर्षाचा पाहुणा; सगळे ‘आमचे नोबेल विजेते’. एकाच माणसाची अशी चार-पाच ठिकाणी मोजदाद होते, त्यामुळे दोन विद्यापीठांच्या याद्यांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.


प्रतिसाद : परिमाण

दूरस्थ यांच्याशी सहमत आहे; पण म्हणून जागेला काही महत्त्वच नाही असे मात्र कोणी समजू नये. काही जागा खरोखरच वेगळ्या असतात आणि काचनळी यांनी उल्लेखलेली एलएमबी ही त्यातली ठळक. मॅक्स पेरुत्झ आणि जॉन केंड्र्यू (१९६२), फ्रेडरिक सँगर (दुसरे नोबेल, १९८०), ॲरन क्लूग (१९८२), जॉन वॉकर (१९९७), रामकृष्णन (२००९), रिचर्ड हेंडरसन (२०१७) आणि ग्रेगरी विंटर (२०१८) : एवढी रसायनशास्त्राची नोबेल एका छपराखाली. सँगर यांचे १९५८ चे पहिले नोबेल मी मुद्दाम यात धरलेले नाही, कारण इन्सुलिनचे ते काम केंब्रिज विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात झाले आणि सँगर एलएमबीत आले ते १९६२ मध्ये. धाग्याच्या विषयाला जागून एवढा काटेकोरपणा पाळायलाच हवा.

हे सगळे कशामुळे घडले याचा विचार केला तर मला उत्तर पेरुत्झ यांच्या कामात दिसते. ते व्हिएन्नाहून १९३६ मध्ये केंब्रिजला आले आणि १९३७ मध्ये त्यांनी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर काम सुरू केले. क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून रेणूचा आकार काढताना लागणारी ‘फेज’ची, म्हणजे किरणांच्या लहरी एकमेकींच्या किती पुढेमागे आहेत याची, माहिती मिळवण्याची युक्ती त्यांना १९५३ मध्ये साधली. स्फटिकातल्या प्रथिनाला पाऱ्यासारखा जड अणू जोडायचा आणि त्यामुळे ठिपक्यांच्या तीव्रतेत पडणारा फरक मोजायचा, ही ती युक्ती. रेणूचे पहिले ढोबळ चित्र हाती आले १९५९ मध्ये. सुरुवात आणि चित्र यांच्यात बावीस वर्षे गेली आणि त्यात महायुद्धाचा आणि नजरकैदेचा काळही आला. आज कोणत्या अनुदान समितीपुढे असा माणूस तीन-तीन वर्षांचे प्रगती अहवाल घेऊन टिकेल? पेरुत्झ यांना लॉरेन्स ब्रॅग यांचा आणि १९४७ पासून वैद्यकीय संशोधन परिषदेचा, म्हणजे एमआरसीचा, पाठिंबा मिळाला. पुढे स्वतःची संस्था उभी राहिल्यावर त्यांनी हाच वेळ इतरांना दिला. गट लहान, उपकरणे सामायिक, आणि जेवण सगळ्यांचे एकत्र. तिथले कँटीन अनेक वर्षे त्यांच्या पत्नी गिझेला सांभाळत असत. रामकृष्णन अमेरिकेतली प्राध्यापकी सोडून कमी पगारावर तिथे गेले ते याच दीर्घ मुदतीच्या आश्वासनासाठी.

तेव्हा विद्यार्थ्यांना मी दुसरा पत्ता दाखवीन, काम झाले तो, आणि तिथे त्या माणसाला किती वर्षे मिळाली ते कंसात लिहीन.


प्रतिसाद : ओंजळ

परिमाण यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण मला तो अर्धाच पटतो. इमारतीपेक्षा माणूस महत्त्वाचा. संगीतात आपण घराणे विचारतो तसे रसायनशास्त्रातही विचारता येते आणि तिथे उत्तरे अधिक सुसंगत मिळतात.

हर्बर्ट ब्राऊन यांचे १९७९ चे नोबेल बोरॉनच्या संयुगांसाठी होते आणि पत्ता होता इंडियानातले पर्ड्यू विद्यापीठ. तिथे काम झाले हे बरोबरच आहे. पण बोरॉनची ओढ लागली ती शिकागोला. १९३६ मध्ये पदवी घेतली तेव्हा त्यांच्या भावी पत्नीने, सारा यांनी, त्यांना बोरॉन आणि सिलिकॉनच्या हायड्राइडांवरचे एक पुस्तक भेट दिले. विद्यापीठाच्या दुकानात रसायनशास्त्राचे तेच सर्वांत स्वस्त पुस्तक होते, हे कारण ब्राऊन पुढे आवडीने सांगत. मंदीचे दिवस होते. ते पुस्तक वाचून ते तिथलेच प्राध्यापक श्लेसिंगर यांच्याकडे बोरेनवर, म्हणजे बोरॉनच्या हायड्राइडांवर, पीएच.डी. करायला गेले. पुढे पर्ड्यूत त्यांच्या हाताखाली दोन जपानी तरुण काम करून गेले : अकिरा सुझुकी आणि एइ-इची नेगिशी. पॅलेडियम वापरून कार्बनला कार्बन जोडण्याच्या पद्धतींसाठी दोघांना २०१० मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा सुझुकींचा पत्ता होक्काइदो होता आणि नेगिशींचा पुन्हा पर्ड्यूच. सुझुकी यांच्या अभिक्रियेत लागतो तो बोरॉनच. दोन पुरस्कारांमध्ये एकतीस वर्षांचे आणि एका महासागराचे अंतर आहे, तरी धागा एकच.

दुसरी साखळी जुनी जर्मन. आडोल्फ फॉन बायर (१९०५) यांचे शिष्य एमिल फिशर (१९०२, गुरूच्या आधी शिष्याला मिळाले), फिशर यांचे शिष्य ओटो वारबुर्ग (१९३१, वैद्यक), वारबुर्ग यांचे शिष्य हान्स क्रेब्स (१९५३, वैद्यक). फिशर यांच्या नावापुढे बर्लिन लिहितात. पण शर्करांची रचना उलगडण्याचे काम त्यांनी प्रामुख्याने वुर्झबुर्गला केले आणि डॉक्टरेट मिळवली होती स्ट्रासबुर्गला. पत्ते बदलत गेले, पण उकल करण्याची रीत पिढीजात उतरत आली. तिसरी साखळी विल्यम लिप्सकोम यांची. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळाले आणि हार्वर्डमधल्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी रोआल्ड हॉफमन यांना १९८१ मध्ये, तर काचनळी यांनी वर उल्लेखलेल्या स्टाइट्झ यांना २००९ मध्ये.

तेव्हा माझे मत पहिल्या पत्त्याला, आणि तोही विद्यापीठाचा नव्हे तर मार्गदर्शकाचा.


प्रतिसाद : जुना हिशेब

घराण्याची उपमा चांगली आहे. फक्त सगळेच विजेते घराण्यातले नसतात. जपानकडे पाहा. केनिची फुकुई हे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे पहिले आशियाई (१९८१). ते क्योतोत शिकले, क्योतोतच शिकवले, आणि रेणूच्या टोकाच्या कक्षकांवर (इलेक्ट्रॉनांच्या सीमेवरच्या जागांवर) अभिक्रिया ठरतात हा त्यांचा १९५२ चा शोधनिबंध क्योतोतलाच. परदेशी गुरू नाही, परदेशी प्रयोगशाळा नाही. तिन्ही पत्ते एक. गणिताने भरलेला तो निबंध बहुतेक रसायनतज्ज्ञांनी सुरुवातीला बाजूलाच ठेवला. पुढे वुडवर्ड आणि हॉफमन यांनी हार्वर्डहून त्याच दिशेचे नियम मांडले तेव्हा फुकुईंचे महत्त्व जगाच्या ध्यानात आले. लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ मध्ये नोबेल मिळालेले अकिरा योशिनो क्योतोत शिकले ते फुकुईंच्याच सहकाऱ्याकडे, तेइजिरो योनेझावा यांच्याकडे. म्हणजे ओंजळ यांना हवे असेल तर इथेही घराणे तयार झाले.

कोइची तानाका यांना मात्र कोणतेच घराणे लावता येणार नाही. तोहोकु विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी, पीएच.डी. नाही, आणि नोकरी क्योतोच्या शिमाद्झू या उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत. प्रथिनांसारखे मोठे रेणू लेसरने न मोडता हवेत उडवायचे आणि त्यांचे वस्तुमान मोजायचे, हा प्रश्न होता. १९८५ मध्ये त्यांनी चुकून कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत ॲसिटोनऐवजी ग्लिसरीन घातले. भुकटी महाग असल्यामुळे मिश्रण फेकून द्यायला मन होईना, म्हणून तसेच लेसरखाली ठेवले आणि संकेत मिळाला. (आमच्या आजीने हे ऐकले असते तर तिला काटकसरीचा आणखी एक दाखला मिळाला असता.) २००२ मध्ये नोबेल जाहीर झाले तेव्हा कंपनीतल्या अनेकांना हा माणूस कोण हेच ठाऊक नव्हते. आज या क्षेत्रात जी पद्धत सर्रास वापरली जाते ती जर्मनीतल्या हिलेनकाम्प आणि कारास यांची, त्यामुळे त्यांना वगळल्याबद्दल तेव्हा बरीच टीका झाली, हेही नोंदवले पाहिजे.

वर उल्लेखलेल्या लिथियम-आयन बॅटरीच्या नोबेलात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांचे काम एक्सॉन या तेल कंपनीतले. जॉन गुडइनफ यांना वयाच्या ९७ व्या वर्षी फोन आला तेव्हा ते टेक्ससला होते; लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे काम १९८० मध्ये ऑक्सफर्डला झाले होते. योशिनोंचे असाही कासेई या रसायन कंपनीत. तीन विजेते, त्यांतल्या दोघांचे काम कंपनीत. आपल्याकडच्या मुलांना कंपनी म्हणजे फक्त पगार असे वाटते, म्हणून तक्त्यात हे जरूर यावे.

तसेच डॅनियल शेख्तमन. ते तेक्निऑनमध्ये शिकले, तिथेच त्यांनी क्वासिक्रिस्टल (अणूंची मांडणी नियमित, पण तिची पुनरावृत्ती होत नाही असे घन पदार्थ) शोधले आणि तिथे असतानाच २०११ चे नोबेल मिळाले; म्हणजे फुकुईंसारखेच एका पत्त्याचे.


प्रतिसाद : परिमाण

जुना हिशेब यांच्या शेवटच्या परिच्छेदात एक दुरुस्ती सुचवतो. शेख्तमन यांची घडण आणि फोन हे दोन्ही पत्ते हैफाच्या तेक्निऑनचे हे बरोबर आहे, पण शोध तिथला नाही. ते रजेवर अमेरिकेत होते आणि मेरीलँडमधल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत झटकन थंड केलेले ॲल्युमिनियम-मँगनीजचे मिश्रधातू तपासत होते. ८ एप्रिल १९८२ रोजी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यांना दहा ठिपक्यांची वर्तुळे दिसली, जी स्फटिकशास्त्राच्या नियमांत बसत नव्हती. गटप्रमुखांनी त्यांना गट सोडायला सांगितले आणि निबंध प्रसिद्ध व्हायला १९८४ चा नोव्हेंबर उजाडला. घरच्या तिन्ही पत्त्यांपैकी मधला एक परक्याचा, आणि नेमका तोच कळीचा.

योनाथ यांचेही असेच. नावापुढे रेहोवोतची वाइझमन संस्था. परंतु रायबोसोमचे पहिले स्फटिक बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत विटमन यांच्या सहकार्याने १९८० च्या सुमारास वाढवले गेले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांचा गट हॅम्बुर्गच्या सिंक्रोट्रॉनजवळ (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्राजवळ) होता. पुढच्या स्फटिकांसाठी वापरलेला एक सूक्ष्मजीव मात्र घरचा होता; मृत समुद्रातला.


प्रतिसाद : जुना हिशेब

दुरुस्ती मान्य. तेक्निऑनच्या नावावरून मी गृहीत धरून चाललो होतो. म्हणजे धाग्यात जी चूक दाखवली आहे तीच माझ्या हातून झाली.


प्रतिसाद : रेतीघड्याळ

मी माटुंग्याच्या यूडीसीटीचा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचा (आताच्या आयसीटीचा), जुना विद्यार्थी. नोबेलवरच चर्चा चालली आहे म्हणून थोडे आपल्या अंगणातले लिहितो, कारण आपल्याकडच्या एका पुरस्काराने हा पत्त्याचा प्रश्न नियमातच सोडवून टाकला होता. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार ज्या रूपात अनेक दशके दिला गेला त्यात दोन अटी होत्या : वय ४५ च्या आत, आणि काम गेल्या पाच वर्षांतले व प्रामुख्याने भारतात केलेले. त्यामुळे परदेशात केलेल्या कामाच्या बळावर इथे येऊन तो मिळवण्याची सोय नव्हती. दुसरा आणि तिसरा पत्ता फार दूर जाऊ नये अशी ही व्यवस्था.

पहिला पत्ता मात्र इथेही फिरत राहतो. मनमोहन शर्मा सर मूळचे जोधपूरचे. यूडीसीटीत शिकून ते केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे गेले. वायू द्रवात शोषला जात असताना तिथेच रासायनिक अभिक्रिया होत असेल तर वेग कसा मोजायचा, हा डँकवर्ट्स यांचा विषय. १९६४ मध्ये पीएच.डी. घेऊन सर परतले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्यात प्राध्यापक झाले. तोच विषय त्यांनी इथे वाढवला आणि अभियांत्रिकीसाठीचा १९७३ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तिथे पोहोचलेले ते पहिले भारतीय अभियंता. त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर, माशेल गावचे आणि गिरगावात वाढलेले. पदवी आणि पीएच.डी. दोन्ही माटुंग्याची. नंतर इंग्लंडात सॅल्फर्डला काही वर्षे काढून ते १९७६ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि बहुवारिकांवरच्या (पॉलिमरवरच्या) कामासाठी १९८२ मध्ये भटनागर मिळाला. ज्येष्ठराज जोशी सर हेही शर्मा सरांचेच. ओंजळ यांच्या भाषेत ही केंब्रिज-माटुंगा-पुणे घराण्याची वाट.

तक्त्यात कमला सोहोनी यांना जागा द्यावी अशी विनंती आहे. मुंबई विद्यापीठातून रसायन व भौतिकशास्त्र घेऊन १९३३ मध्ये पहिल्या आल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना आधी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्यांनी ठाण मांडले तेव्हा वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिथून त्या केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशीच्या श्वसनात लागणारे प्रथिन) असते हे दाखवून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या एक. राष्ट्रपतींचा पुरस्कार मात्र त्यांना मिळाला तो नीरेच्या पोषणमूल्यावरच्या कामासाठी, आणि ते काम मुंबईच्या विज्ञान संस्थेतले. केंब्रिजचे नाव मोठे असले तरी पुरस्काराचे काम आपल्या काळा घोड्याजवळच्या इमारतीत झाले. किती मुंबईकरांना हे माहीत असते?


प्रतिसाद : ओंजळ

सोहोनी यांचे उदाहरण माझ्या मताच्या विरोधात जाते, हे मान्य करते. नीरेचा विषय त्यांना केंब्रिजच्या गुरूंकडून मिळाला नव्हता. तो इथल्या ताडामाडांनी आणि कुपोषित मुलांनी पुढे ठेवला. काही प्रश्न जागेचेच असतात.

तसे पाहिले तर २०२५ च्या नोबेलातही दोन्ही तऱ्हा आहेत. रिचर्ड रॉबसन १९६६ पासून मेलबर्नला. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लाकडी चेंडूंची प्रारूपे बनवायची होती, म्हणून त्यांनी विद्यापीठाच्या कार्यशाळेत चेंडूंना भोके पाडून घेतली. भोकांच्या जागाच रचना ठरवतात हे पाहून त्यांना धातूच्या अणूंची आणि सेंद्रिय दुव्यांची जाळी बांधण्याची कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये ती प्रत्यक्षात आली, तिथेच. ओमर याघी यांचा जन्म अम्मानचा, पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबातला. पंधराव्या वर्षी अमेरिकेत, पीएच.डी. इलिनॉयला, पायाभूत काम ॲरिझोना आणि मिशिगनला, फोन आला तेव्हा बर्कली. काचनळी, आपल्या तक्त्यात रॉबसन यांच्यासाठी एक ओळ पुरेल, याघींसाठी पान लागेल.


प्रतिसाद : काचनळी (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. रेतीघड्याळ यांच्या सूचनेप्रमाणे सोहोनी आणि शर्मा सरांच्या ओळी घातल्या आहेत, आणि परिमाण यांच्या सूचनेप्रमाणे वर्षेही. पेरुत्झ यांच्यापुढे २२ हा आकडा लिहिला तेव्हा बारावीच्या एका मुलाने ‘मॅडम, ते महिने आहेत का?’ असे विचारले.

आता एक ओळ अडली आहे. ओसामु शिमोमुरा नागासाकीत औषधशास्त्र शिकले, नागोयात हिराता यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी सिप्रिडिना या चमकणाऱ्या, इवल्या कवचधारी समुद्री प्राण्याचे ल्युसिफेरिन (प्रकाश देणारे द्रव्य) स्फटिकरूपात आणले, प्रिन्स्टनला गेले आणि १९६१ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बर बंदरावर जेलीफिश गोळा करून त्यांतून हिरवे प्रकाशणारे प्रथिन, म्हणजे जीएफपी, वेगळे केले. २००८ मध्ये फोन आला तेव्हा ते मॅसॅच्युसेट्समध्ये होते. चार-पाच पत्ते असले तरी ही ओळ लिहिता येते.

अडचण आहे ती डग्लस प्रॅशर यांची. जीएफपीचे जनुक वूड्स होलमध्ये वेगळे करून त्यांनी १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. अनुदान संपले, तेव्हा त्यांनी ते जनुक मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना पाठवून दिले. शिमोमुरांबरोबर २००८ चे नोबेल या दोघांना मिळाले तेव्हा प्रॅशर अलाबामातल्या हंट्सव्हिल गावी मोटारींच्या एका दुकानात ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. चॅल्फी आणि त्सिएन यांनी स्वतःच्या खर्चाने त्यांना आणि त्यांच्या पत्नीला समारंभासाठी स्टॉकहोमला नेले आणि काही वर्षांनी प्रॅशर यांनी त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत कामही केले. फोन आलाच नाही अशा माणसाची नोंद तक्त्यात करायची असेल, तर ‘काम झाले तो पत्ता’ या रकान्यात चॅल्फी यांच्या कोलंबियाच्या वर वूड्स होल लिहिणे बरोबर होईल का?


प्रतिसाद : परिमाण

होईल. आणि वर्षे कंसात लिहायची राहू देऊ नका. अनुदान कोणत्या वर्षी संपले तेही लिहा.